लिनक्स आणि ३८६ : एका पर्यायाची एकवीस वर्षे

१/
डिसेंबर २०१२. लिनक्सच्या मूळ संहितेतून काहीशे ओळी कायमच्या काढून टाकण्यात आल्या. त्या ओळींबरोबर इंटेल ८०३८६ या प्रोसेसरला असलेला आधार संपला. जुने यंत्र मागे पडणे यात नवल नाही. नवल हे की लिनक्सचा जन्म याच प्रोसेसरवर झाला होता. ज्या यंत्रावर ही प्रणाली पहिल्यांदा सुरू झाली, त्याच यंत्रावर तिची नवी आवृत्ती आता चालणार नव्हती. हे का घडले, आणि त्याहून जुनी यंत्रे आजही कशी टिकून आहेत, याची ही कथा.

२/
प्रथम दोन संज्ञा. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कळफलक यांच्याशी थेट व्यवहार करणारा भाग तोच. आणि कॉन्फिगरेशन म्हणजे हा गाभा तयार करण्यापूर्वी घ्यायचे निर्णय : प्रोसेसर कोणता, डिस्क कोणत्या जातीची, नेटवर्क कार्ड आहे की नाही. या निर्णयांप्रमाणेच संहिता कंपाइल होते. म्हणून कर्नेलमधील पर्यायांची यादी ही एका अर्थी त्या त्या काळात कोणकोणती यंत्रे विचारात घेतली जात होती, याची नोंदवही असते.

३/
८०३८६, म्हणजेच बोलीतला '३८६', इंटेलने १९८५ मध्ये जाहीर केला. त्यात सुमारे पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर होते. तो ३२ बिटांचा होता, आणि मेमरीची लहान लहान पाने पाडून प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र जागा देण्याची सोय त्यात होती. मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या युनिक्ससारख्या प्रणालीला हीच सोय लागते. घरी घेता येईल अशा पीसीमध्ये ती प्रथमच आली होती.

४/
जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने असा एक पीसी घेतला. प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी ४ मेगाबाइट. त्यावर त्याने अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी अध्यापनासाठी लिहिलेली मिनिक्स ही प्रणाली बसवली. तिच्या मर्यादा जाणवू लागल्या, तेव्हा त्याने स्वतःचा कर्नेल लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्सच्या वाचकांना त्याने ही बातमी दिली. आपला हा केवळ छंद आहे आणि तो दुसऱ्या प्रोसेसरवर नेता येण्याजोगा नाही, अशी कबुलीही त्यातच होती.

५/
सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली. संहिता सुमारे दहा हजार ओळींची. तिच्यात कॉन्फिगरेशनसाठी प्रश्नावली नव्हती, तक्ता नव्हता. होती ती एक छोटी फाईल. त्या फाईलमध्ये दोन हार्ड डिस्कची वर्णने होती : एक लिनसच्या संगणकातील, दुसरी 'लासू'च्या संगणकातील. लासू म्हणजे त्याचा सहाध्यायी लार्स विर्झेनियस. मेमरीसाठी ४ आणि ८ मेगाबाइट एवढेच पर्याय. कळफलकाची मांडणी फिनिश. तिसऱ्या कोणाला हा कर्नेल चालवायचा असेल, तर त्याने फाईल उघडून आपल्या डिस्कचे आकडे हाताने भरायचे आणि कर्नेल पुन्हा कंपाइल करायचा.

६/
ताम्रपटातील गावांच्या नावांवरून जशी एखाद्या राजवटीची व्याप्ती कळते, तशी या फाईलवरून लिनक्सची तेव्हाची व्याप्ती कळते. ती दोन मित्रांच्या दोन संगणकांएवढी होती. पुढच्या काही महिन्यांत ती वाढली, आणि ती वाढण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कोणा अनोळखी माणसाचे यंत्र लिनसच्या यंत्राहून वेगळे असे. त्याची अडचण पत्राने येई. आणि तिच्यासाठी संहितेत नवी जागा केली जाई.

७/
याचे ठळक उदाहरण १९९१च्या अखेरचे. जर्मनीतील एका वापरकर्त्याकडे केवळ २ मेगाबाइट मेमरी होती. तेवढ्यात कंपाइलर मावत नसे, त्यामुळे त्याला स्वतःचा कर्नेल बांधता येईना. लिनसच्या यंत्राला ही अडचण नव्हती. तरीही नाताळच्या सुट्टीत त्याने मेमरीतील पाने तात्पुरती डिस्कवर ठेवण्याची सोय लिहिली. जानेवारी १९९२च्या ०.१२ आवृत्तीत ती समाविष्ट झाली. मिनिक्समध्ये ही सोय नव्हती, आणि लिनक्सकडे लोक वळण्याचे ते एक मोठे कारण ठरले. एका अपुऱ्या यंत्राची गरज सर्वांच्या उपयोगी पडली.

८/
दुसरी अडचण गणिताची. ३८६ला अपूर्णांकी गणित यंत्रपातळीवर येत नसे. त्यासाठी ८०३८७ ही वेगळी चिप विकत घ्यावी लागे. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील बिल मेट्झेनथिन यांनी त्या चिपचे सारे काम सॉफ्टवेअरने करणारा भाग लिहिला. तो मंद होता, पण त्याच्यामुळे स्वस्त यंत्रेही आत आली. कर्नेलच्या पर्यायांत 'मॅथ एम्युलेशन' हा प्रश्न त्यातूनच आला. चिप नसताना 'नाही' असे उत्तर दिले, तर अपूर्णांकी गणित करणारे प्रोग्राम त्या यंत्रावर चालतच नसत.

९/
२९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबॉम यांनी लिनक्सवर जाहीर टीका केली. त्यांचे दोन मुख्य आक्षेप होते. सगळे काम एकाच मोठ्या गाभ्यात करण्याची रचना जुनाट आहे. आणि एकाच कुळातील प्रोसेसरला कर्नेल जखडणे ही चूक आहे, कारण ते कूळ लवकरच मागे पडेल. दुसऱ्या आक्षेपातील भाकीत खरे ठरले नाही, पण त्यातील इशारा खरा होता. १९९५च्या १.२ आवृत्तीत अल्फा, मिप्स आणि स्पार्क या अगदी वेगळ्या प्रोसेसरांसाठी जागा झाली. ३८६ आता एकमेव राहिला नाही. तो यादीतील एक पर्याय झाला.

१०/
नव्वदच्या दशकात जुन्या पीसीवर लिनक्स बसवणाऱ्याची खरी परीक्षा इथे होती. 'मेक कॉन्फिग' ही आज्ञा दिली की एकामागून एक प्रश्न येत. उत्तर 'हो', 'नाही', किंवा 'मॉड्यूल', म्हणजे लागेल तेव्हा मेमरीत आणायचा सुटा भाग. मधल्या एका प्रश्नाला चुकीचे उत्तर गेले, तर मागे जाण्याची सोय नव्हती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुढे 'मेन्यूकॉन्फिग' हा तक्त्याचा प्रकार आला आणि हे कष्ट कमी झाले. २००२ मध्ये रोमन झिपेल यांनी लिहिलेली 'केकॉन्फिग' ही व्यवस्था स्वीकारली गेली. आजही तीच वापरात आहे.

११/
एवढा खटाटोप कशासाठी? कारण कर्नेल मेमरीत कायमचा ठाण मांडून बसतो; इतर प्रोग्रामांची पाने डिस्कवर हलवता येतात, त्याची नाही. ४ मेगाबाइटच्या यंत्रात नको असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची जागा कामाच्या प्रोग्रामकडून हिरावून घेतलेली असे. शिवाय जुन्या पद्धतीने आवळलेला कर्नेल सुरू होताना पहिल्या ६४० किलोबाइटमध्येच उतरत असे, म्हणून त्याचा आकार साधारण ५०० किलोबाइटच्या आत ठेवावा लागे. 'बीझेडइमेज' या नव्या प्रकारामुळे तो १ मेगाबाइटच्या वर उतरू लागला, आणि ही अट सुटली.

१२/
सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रोसेसरच्या कुळाचा : ३८६, ४८६, पेंटियम की त्यापुढचा? येथे एक साधा नियम होता. ३८६ निवडून बांधलेला कर्नेल पुढच्या सर्व यंत्रांवर चाले, फक्त थोडा मंद. ४८६ निवडून बांधलेला कर्नेल मात्र ३८६वर सुरूच होत नसे. म्हणून ज्याला एकच फ्लॉपी अनेक यंत्रांवर चालवायची असे, तो सर्वांत जुना पर्याय निवडी. 'एम३८६' हा पर्याय असा वर्षानुवर्षे सर्वांना सामावून घेणारा तळ बनून राहिला.

१३/
मग तो गेला का? कारण ३८६च्या दोन उणिवा. पहिली : मेमरीचे पान 'केवळ वाचण्यासाठी' असे ठरवले, तरी खुद्द कर्नेल त्यावर लिहू लागला तर ३८६ त्याला अडवत नसे. दोन प्रोग्राम एकच पान वाटून घेतात आणि कोणी लिहू लागले की मगच त्याची प्रत काढली जाते. ही युक्ती या उणिवेमुळे फसे. म्हणून ३८६साठी कर्नेलला लिहिण्यापूर्वी पान स्वतः तपासून घ्यावे लागे. प्रोसेसर हा नियम पाळतो की नाही, याची चाचणी संगणक सुरू होतानाच घेतली जाई, आणि तशी ओळ पडद्यावर उमटे.

१४/
दुसरी उणीव अधिक जड. मेमरीतील मूल्य तपासणे आणि जुळले तर बदलणे, ही दोन्ही कामे एका अखंड टप्प्यात करणारी आज्ञा ४८६मध्ये, म्हणजे १९८९ मध्ये, आली. अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात, तेव्हा एकमेकांच्या कामात व्यत्यय येऊ नये यासाठी हीच आज्ञा पायाभूत असते. १९९६च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांवर चालू लागला. तेव्हापासून या भागात काही बदलायचे म्हटले की ३८६साठी वेगळी वाट काढावी लागे.

१५/
म्हणजे ओझे ओळींच्या संख्येचे नव्हते. ज्यांच्याकडे ३८६ कधीच नव्हता, अशा लोकांनाही प्रत्येक सुधारणेच्या वेळी त्याचा विचार करावा लागे. आणि तो बदल खऱ्या ३८६वर तपासून पाहणारे हात मात्र उरले नव्हते. इंटेलने या चिपचे उत्पादन २००७ मध्येच थांबवले होते. कर्नेलचे एक प्रमुख विकसक इंगो मोलनार यांनी डिसेंबर २०१२ मध्ये हा आधार काढण्याचा प्रस्ताव पाठवला. १९९१च्या मूळ ३८६वर नवा कर्नेल आता सुरू होणार नाही, याची नोंदही त्यांनी त्यात केली. टोर्वाल्ड्स यांनी, आपल्याला याचे मुळीच वाईट वाटत नाही असे सांगून, तो स्वीकारला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीत 'एम३८६' हा पर्याय नव्हता.

१६/
यावरून 'जुने ते जाणारच' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. मोटोरोलाचे ६८००० हे कूळ १९७९चे, म्हणजे ३८६हून सहा वर्षांनी जुने. अमिगा, अटारी आणि जुने मॅकिंटॉश याच कुळावर चालत. खुद्द टोर्वाल्ड्स यांचा ३८६पूर्वीचा संगणक, सिंक्लेअर क्यूएल, याच कुळातील होता. या कुळातील, मेमरीची पाने पाडू शकणाऱ्या पुढच्या प्रोसेसरांना लिनक्सचा आधार आजही आहे.

१७/
उलट उदाहरण इटॅनियमचे. इंटेलने २००१ मध्ये मोठ्या सर्व्हरांसाठी आणलेला हा प्रोसेसर. त्याच्यामागे बलाढ्य कंपन्या होत्या, आणि त्याची विक्री थेट २०२१ पर्यंत चालू होती. तरीही जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ आवृत्तीतून तो वगळला गेला. विक्री थांबून तीन वर्षेही झाली नव्हती.

१८/
फरक वयाचा नाही, राखणदारीचा आहे. ६८०००च्या शाखेला गीर्ट उइटरहूव्हन यांच्यासारखे विकसक वर्षानुवर्षे सांभाळत आले. नवा बदल आला की तो तिथे चालतो का, हे पाहणारे कोणीतरी असते. ती शाखा स्वतंत्र असल्याने तिचा भार इतरांवर फारसा पडत नाही. इटॅनियमची जबाबदारी घेणारे कोणी उरले नाही. आणि ३८६ तर सर्वांच्या सामाईक वाटेवरच उभा होता. त्याची अडचण प्रत्येकाला होत होती.

१९/
आता पाळी ४८६ची आहे. २०२२ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी त्याचाही आधार काढण्याचा विचार बोलून दाखवला. संग्रहालयातील यंत्रांनी संग्रहालयातील कर्नेल चालवावेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एप्रिल २०२५ मध्ये मोलनार यांनी त्या दिशेने प्रस्तावही मांडला. त्या म्हणण्यात तथ्य आहे. ३.७ पर्यंतचे कर्नेल उपलब्ध आहेत, आणि योग्य कॉन्फिगरेशन केले तर ३८६ त्यांवर सुरू होऊ शकतो. मात्र पुढे सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे उपाय त्या कर्नेलांपर्यंत पोहोचत नाहीत. संग्रहालयातील यंत्र चालते. पण उघड्या जाळ्यावर सोडण्याजोगे ते राहत नाही.

२०/
०.०१ची ती छोटी फाईल आजही वाचता येते. तिच्यात लिनस आणि लासू यांच्या डिस्कचे आकडे जसेच्या तसे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने ती एकदा तरी उघडून पाहावी, आणि तिच्या शेजारी आजच्या कर्नेलची हजारो पर्यायांची यादी ठेवावी. त्या यादीतील बहुतेक ओळींमागे असे एखादे यंत्र आहे, जे कोणाकडे तरी होते आणि ज्याच्यासाठी कोणीतरी वेळ दिला. यादीतून गळलेल्या ओळी मागील आवृत्त्यांत सापडतात. दोन मेगाबाइटच्या त्या जर्मन संगणकाचे नाव कोणत्याही पर्यायाला नाही. त्याच्यासाठी लिहिलेली सोय मात्र आजही कर्नेलमध्ये आहे.