औरंगाबादच्या वेशीबाहेरचा इतिहास

शाळा-महाविद्यालयांच्या सहली दरवर्षी निघतात. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे तर सहलींचे आवडते ठिकाण. वेरूळ-अजिंठा पाहायचे, बीबी का मकबऱ्यासमोर छायाचित्र काढायचे आणि परत फिरायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे खुलताबादला जियारतीला जातात. फातेहा पढतात, तबर्रुक घेतात, मुलांसाठी खेळणी विकत घेतात आणि संध्याकाळी घरी येतात. यात गैर काही नाही. परंतु ज्या रस्त्याने आपण गेलो त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दक्खनचा सातशे वर्षांचा इतिहास उभा होता, तो मुलांना कोणी दाखवला नाही, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही. म्हणून पालक बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, या लेखात आपण शहराच्या वेशीबाहेर पडून हा परिसर जरा सावकाश पाहू या.

प्रथम हे शहर वसवले कोणी, ते पाहिले पाहिजे. इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी नगर वसवले. मलिक अंबर हा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मोगल फौजांना त्याने वर्षानुवर्षे दक्खनमध्ये रोखून धरले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्याच बाजूने लढले. जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्रात पुढेही दीर्घकाळ आदर्श मानली गेली. ज्याच्या जवळ ना घराणे होते ना वारसा, त्याने केवळ कर्तबगारीवर हे स्थान मिळवले. आमच्या विद्यार्थ्यांनी हा धडा अवश्य गिरवावा.

मलिक अंबरचे सर्वांत मोठे काम मात्र जमिनीखाली आहे. उत्तरेकडील डोंगरांतले पाणी त्याने भुयारी नळांनी शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. उतार आणि दाब यांचा असा अचूक हिशेब त्यात होता की, पाणी उचलण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नसे. पुढच्या काळात याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या. त्यांपैकी एकीचे पाणी पाणचक्कीला येते.

पाणचक्की शहराच्या कडेला, खाम नदीच्या काठी आहे. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून येथे येते, उंचावरून हौदात पडते, आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे. त्यात दळलेले पीठ फकिरांच्या, प्रवाशांच्या आणि गोरगरिबांच्या भाकरीसाठी असे. अध्यात्म, विज्ञान आणि अन्नदान एका अंगणात नांदत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) हे अरबी-फारसीचे थोर पंडित कित्येक वर्षे याच तकियात राहिले होते. हिंदुस्थानातील विद्वानांची चरित्रे आणि हिंदुस्थानी काव्यशास्त्र यांची ओळख त्यांनी 'सुब्हतुल मरजान' या ग्रंथात अरबी वाचकांना करून दिली.

जवळच बेगमपुऱ्यात बीबी का मकबरा आहे. दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकाच्या मध्यास तो उभा राहिला. 'ताजमहालाची नक्कल' म्हणून लोक त्याची बोळवण करतात. पण दरवाजावरील लेख वाचावा. त्यात वास्तुकार अताउल्ला आणि बांधकामाचे जाणकार हंसपत राय यांची नावे शेजारी शेजारी आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बादशहांची नावे सगळेच पाठ करतात; इमारत बांधणाऱ्यांची नावेही मुलांना माहीत असावीत.

याच बाजूला नव्या काळाची विद्यास्थानेही उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. त्याचा परिसर नागसेनवन. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून त्याच्या नावात बाबासाहेबांचे नाव आहे. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय निघाले. शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजांनी ज्ञानाची दारे कशी उघडली, हे येथे एका फेरफटक्यात दिसते.

शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला लागतो. यादवांची ही देवगिरी. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने आपली राजधानी येथे आणली. त्या निर्णयाची आजवर थट्टाच झाली. तथापि, दिल्लीहून आलेल्या त्या माणसांबरोबर कवी, सूफी आणि कारागीर दक्खनमध्ये आले, हेही तितकेच खरे. याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते, आणि पैठणचे संत एकनाथ त्यांच्याकडे शिकायला आले. एकनाथांनी पुढे हिंदू आणि तुर्क यांच्या संवादावर भारूड रचले. मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर मराठीच्या एका महान कवीची शाळा भरली, ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरही सांगितली पाहिजे.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा हे छोटे गाव आहे. हातकागद बनवणाऱ्या कागजी लोकांचे हे गाव. लगदा तयार करायचा, तो पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, अशी ही मेहनतीची कला. कागदच नसता तर ग्रंथ कशावर लिहिले असते? मुलांची वही कोठून येते याचा विचार येथे उभे राहून करावा.

आणि शेवटी खुलताबाद. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे खलिफा हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब येथे विसावले आहेत. बुऱ्हानपूर शहराला त्यांचेच नाव मिळाले. हजरत जैनुद्दीन शिराजी यांचा दर्गा समोरच आहे. त्याच आवारात औरंगजेब बादशहाची कबर आहे. १७०७ मध्ये अहमदनगरला निधन झाल्यावर त्याचा देह येथे आणला गेला. कबर साधी, मातीची, वर छत नसलेली. भोवतालची संगमरवरी जाळी नंतरची. मार्च २०२५ मध्ये याच कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला. अशा वेळी आपल्या मुलांना शाळेत, बाजारात प्रश्न विचारले जातात, आणि ती गोंधळतात. कारण त्यांना इतिहास ठाऊक नसतो. ठाऊक असते ती फक्त भांडणाची बातमी.

आमचे सांगणे असे की, खुलताबाद म्हणजे केवळ एका बादशहाची कबर नव्हे. गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे. हजरत निजामुद्दीन यांची वचने 'फवाइदुल फुआद' या ग्रंथात टिपून ठेवणारे कवी, अमीर खुसरोंचे मित्र, अमीर हसन सिज्जी याच भूमीत आहेत. त्यांच्या जवळ आझाद बिलग्रामींची कबर आहे. एकाने गुरूचे बोल जपले, दुसऱ्याने विद्वानांची स्मृती जपली. पण उरुसाच्या गर्दीतून या दोघांकडे वळणारी पावले किती? बादशहाचा अभिमान बाळगायचा की त्याची लाज वाटून घ्यायची, या वादात शिरण्याआधी मुलांनी एवढे जाणावे की, राज्यकर्त्यांच्या पापपुण्याचा हिशेब आपल्या माथी नाही. आपला वारसा पाणी आणणाऱ्यांचा, कागद करणाऱ्यांचा, ग्रंथ लिहिणाऱ्यांचा आहे. त्याचे वारस होण्यासाठी मात्र शिकावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी जाल, तेव्हा थोडी तयारी करून जा. मुलांच्या हाती वही द्या. प्रत्येक ठिकाणी कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधले, हे तीन प्रश्न विचारायला शिकवा. मराठी, उर्दू, फारसी जे वाचता येईल ते वाचू द्या. जे येत नाही ते शिकण्याची ओढ तेथेच लागते. भिंतींवर स्वतःची नावे कोरू नका, आणि इतरांना कोरू देऊ नका. आपले नाव राहावे असे वाटत असेल, तर मलिक अंबरसारखे काहीतरी लोकोपयोगी काम मागे ठेवावे. आमच्या विद्यार्थ्यांमधून असे इतिहासकार, अभियंते आणि लेखक निर्माण होवोत, हीच सदिच्छा.