विटा पाडणारा रोबो

आमच्याकडे पिक्चर संपल्यावर ‘कसा वाटला?’ असं विचारायची पद्धत नाही. विचारलंच तर ‘बरा होता’ एवढं बोलून माणूस चपला शोधायला लागतो. मत द्यायचं ते पिक्चर चालू असताना, मोठ्याने, आणि थेट पडद्याला. शहापूर-मुरबाडकडच्या माणसांची ही खोड मी लहानपणापासून बघत आले. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करताना तिच्यात होत गेलेले बदलही बघितले.

खोड लागली ती, माझ्या मते, म्हशाच्या जत्रेत. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि तिथला बैलबाजार सगळ्या ठाणे जिल्ह्यात नावाजलेला. आमचे वडील दरवर्षी बैल बघायला जायचे; घ्यायचे क्वचित, बघायचे मात्र सगळे. दिवसभर दात मोजायचे, खूर बघायचे, बैल चालवून त्याची चाल बघायची, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा, आणि रात्री तंबूत पिक्चर. दोरी बांधून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. बाहेर जनरेटरची धडधड, आत मशीनची खडखड, त्यातून ऐकू येईल तेवढे डायलॉग. न ऐकू आलेले मागचा कोणीतरी स्वतःच्या मनाने भरून द्यायचा आणि ते बरेचदा मूळच्यापेक्षा बरे असावेत. बैलबाजारातून सरळ तंबूत आलेला माणूस पडद्यावरच्या घोड्यालाही त्याच नजरेने बघायचा. हिरो घोडा फेकत खलनायकाच्या मागे लागलाय, सगळा तंबू श्वास रोखून बसलाय, आणि आमच्या वडिलांच्या शेजारचा एक म्हातारा म्हणतो, ‘उजव्या पायाने अधू हाय तो. घेऊ नको.’

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आहे. इथला प्रेक्षक पडद्यावर जे हलतंय ते कामाचं किती, हे आधी बघतो. त्याची गोष्ट काय, हे नंतर.

जे स्वतः हलू शकत नाही त्याला पडद्यावर हलवायची विद्या आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे कसारा घाट चढून गेलं की त्यांचाच मुलूख. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवल्यावर त्यांनी बस्तान नाशिकला हलवलं. तिथून मुंबईला जायचं तर गाडी कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव करत आमच्याच शहापूर तालुक्यातून उतरते. ह्याच फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. काडी जरा सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा घ्यायचं. आज त्याची प्रत उरलेली नाही. निर्जीव काडी आपली आपण चालायला लागलेली बघून त्या वेळचा प्रेक्षक काय ओरडला असेल, ते मला फार ऐकावंसं वाटतं.

पडद्यावरचा पहिला रोबो आमच्याकडे आला तो दूरदर्शनवरून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं असलं तरी आमच्या गावात टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं, आणि आला तोही एकाच घरात. अँटेना मुंबईकडे तोंड करून उभी. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने कौलांवर चढायचं, एकाने दारात उभं राहून ‘आली, आली, गेली’ ओरडायचं. त्या मुंग्यांतून ‘जायंट रोबो’ उडाला. मूळ जपानी मालिका १९६७ची, सव्वीस भागांची. आमच्यापर्यंत ती वीसेक वर्षांनी पोचली. एक पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि डोंगराएवढा यंत्रमानव त्याचं ऐकतो. माझा भाचा तेव्हा रिकाम्या मनगटात बोलत फिरायचा. ते काही कार्टून नव्हतं, आत माणूस घातलेला रोबो होता, आणि हे मोठ्या माणसांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. ‘आत कोणतरी घामाने भिजला असंल’ हे माझ्या सासूबाईंचं मत. गोष्टीतला राक्षस मेला की जगला, ह्याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

त्याच काळात पूजेला व्हिडिओ लावायची टूम निघाली. सत्यनारायण असो की गणपती, वर्गणी काढून बाजारपेठेतून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर बघायचे. तिसरा संपेपर्यंत कोंबडा आरवायचा. बडबड तिथेही तशीच. पिक्चर परत मागे घेता येतो हे कळल्यावर तर मतांना धरबंद राहिला नाही. मारामारी आवडली की रिवाइंड करायला लावायची.

मग घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या आणि बडबड बसली. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारा, रोबो म्हणजे कोण, तर एकच उत्तर: डोरेमॉन. निळा, मांजराच्या रूपातला, बाविसाव्या शतकातून आलेला, पोटाच्या खिशातून हवं ते काढून देणारा. जपानात तो १९६९-७० पासून छापला जातोय. आपल्याकडे २००५ पासून हिंदीत बोलायला लागला. मुलं त्याच्यापुढे तोंड उघडं टाकून बसतात आणि बसल्या जागी हिंदी शिकतात. आयांची तक्रार हिंदीची नव्हती, अभ्यासाचीही फारशी नव्हती. एक बाई पालकसभेत म्हणाली, ‘तो मांजर सगळं खिशातून काढून देतो. आमच्या पोराला आता पाणी आणायला सांगितलं की तो माझ्या खिशाकडं बघतो.’ आमच्या तालुक्यात हे बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही. तानसा १८९२चं धरण, पुढे मोडकसागर, मग भातसा; मुंबई पाणी पिते ते शहापूरचं, आणि मार्च-एप्रिल उजाडला की शहापूरच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात.

ह्याच तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव पुढे राज्यभर झालं. संदीप गुंड नावाच्या शिक्षकाने तिथे प्रोजेक्टर, टॅब्लेट, सौरऊर्जा असं सगळं जमवून पाड्यावरची शाळा डिजिटल करून दाखवली. मग केंद्राकेंद्रांतून ‘आपल्याकडेही करा’ सुरू झालं. आमच्या शाळेतही लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. पडदा म्हणजे खिळ्यांना ताणून बांधलेली पांढरी चादर, मधोमध इस्त्री न गेलेली घडी. शनिवारी शाळा सुटल्यावर पिक्चर दाखवायचा असं ठरलं. पहिल्यांदा काय दाखवावं ह्यावर मी बराच विचार केला. वर्गात निम्मी मुलं कातकरीवाडीतली. घरी कातकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी. चौथी भाषा मला त्यांच्या डोक्यावर घालायची नव्हती. म्हणून मी ‘वॉल-ई’ निवडला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिक्सार कंपनीचा २००८चा चित्रपट, दिग्दर्शक अँड्र्यू स्टॅन्टन. पृथ्वी कचऱ्याने भरून गेली म्हणून माणसं जहाजात बसून अवकाशात निघून गेली, त्याला सातशे वर्षं झाली. मागे कचरा आवरायला ठेवलेल्या यंत्रांपैकी एकच चालू राहिलं, तो वॉल-ई. सोबतीला एक झुरळ. पहिला जवळजवळ अर्धा तास बोलणं असं नाहीच. हे करण्यासाठी पिक्सारची मंडळी म्हणे रोज जेवणाच्या सुट्टीत चॅप्लिन आणि कीटनचे मूकपट बघत बसायची. आवाज बेन बर्टचे. ‘स्टार वॉर्स’मधल्या रोबोला ज्याने आवाज दिला तोच. वॉल-ईच्या चालण्याची घरघर त्याने हाताने फिरवायच्या जुन्या जनरेटरमधून काढली. तंबूबाहेरच्या जनरेटरवर वाढलेली मी, मला ती घरघर लगेच जवळची वाटली.

सुरुवातीला मी बाजूला उभी राहून समजावून सांगत होते. ‘बघा मुलांनो, हा एकटा आहे...’ पुढच्या रांगेतून आवाज आला, ‘बाई, कळतंय.’ मी गप्प बसले.

वॉल-ई काय करतो? कचरा पोटात भरतो, दाबतो, चौकोनी ठोकळा करून बाहेर टाकतो आणि ठोकळ्यावर ठोकळा रचत जातो. दुसरा ठोकळा पडला आणि कातकरीवाडीतला चौथीतला एक मुलगा उभा राहून ओरडला, ‘इटा पाडतोय!’

त्यानंतर वर्ग थांबला नाही. थप्पी बघा केवढी. वाकडी लावलीय. नाही रे, सरळ हाय. साचा त्याच्या पोटातच हाय. माती कोण कालवतो? मुकादम कुठाय? तो माळ्यावर मोजत असंल. ह्याला हजारी काय मिळते? एक मुलगी मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, ‘खर्ची कोण देतो त्याला?’

हे प्रश्न कुठून आले ते सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडच्या कातकरीवाड्या ओस पडतात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला घरची घरं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. राहायला भोंगा, म्हणजे विटांच्या आडोशावर पेंढा टाकलेलं खोपटं. मध्यरात्री उठून गारा तुडवायचा, साच्याने विटा पाडायच्या, सुकल्या की फिरवायच्या, थप्पी लावायची. हजार विटांमागे ठरते ती हजारी, आठवड्याला मिळते ती खर्ची. हिशोब शेवटी, आणि हिशोबात बरेचदा उचल शिल्लकच निघते. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरी ती कागदावरून खाली आणायला १९८२ मध्ये विवेक पंडितांनी काढलेल्या श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात रान उठवावं लागलं. नव्वदच्या दशकात विधायक संसद ह्या संस्थेने भट्ट्यांवरच मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. तेव्हा सातशे वर्षं एकटं काम करणारा गडी बघून ‘खर्ची कोण देतो’ हा प्रश्न एका नऊ वर्षांच्या मुलीला पडणं ह्यात नवल नाही. चित्रपटावर ढीगभर लिहिलं गेलं. पर्यावरण, चंगळवाद, एकटेपणा, सगळं झालं. त्याच्या मजुरीचा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नाही.

एक जागा फार मोलाची. वॉल-ईला कचऱ्यात हिऱ्याची अंगठी सापडते, डबीसकट. तो अंगठी काढून फेकतो आणि डबी ठेवून घेतो. उघडतो, मिटतो, टक् आवाज येतो, त्याला आवडतो. शहरातल्या माझ्या भाचीकडे हाच पिक्चर बघताना ह्या जागी सगळे हसले होते. आमच्या वर्गात कोणी हसलं नाही. भंगार वेचायची सवय असलेली मुलं ती, त्यांनी माना डोलावल्या. डबीत काहीतरी ठेवता येतं.

सगळ्यांना तो आवडला असं मात्र अजिबात समजू नका. मोठ्या मुलांचं मत सडेतोड होतं: मारामारी नाही. २०१० सालचा रजनीकांतचा ‘रोबोट’ त्यांनी टीव्हीवर किती वेळा बघितला होता कोण जाणे, आणि त्यात हजार चिट्टी रोबो एकत्र येऊन त्यांचा गोळा होतो, साप होतो. त्यापुढे हा गंजका डबा काय? ईव्ह नावाची दुसरी रोबो आली आणि तिने पहिल्यांदा गोळी झाडली तेव्हा ही मंडळी जरा सावरून बसली. पुढे ती फक्त वॉल-ईचा हात धरते म्हटल्यावर दोघं-तिघं उठून क्रिकेट खेळायला गेले. मी अडवलं नाही. तंबूतूनही लोक उठून जायचे.

दारात मोठी माणसंही जमली होती. मुरबाडच्या फांगण्याला ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. त्याच्या आधीच आमच्या शाळेत आज्या येऊन बसल्या होत्या, शिकायला नव्हे, पिक्चरला. त्यांना जहाजातली माणसं बघवेनात. तरंगत्या खुर्चीत लोळणारी, हातापायांचं काम विसरलेली, सगळं यंत्रांकडून भरवून घेणारी. ‘बाळंतिणी हायेत का सगळ्या?’ असं एकीने विचारलं आणि पोरांपेक्षा आज्याच जास्त हसल्या.

वॉल-ईने जुन्या बुटात जपलेलं रोपटं घेऊन शेवटी जहाज पृथ्वीवर उतरतं. कप्तान पोरांना सांगतो की आता शेती करायची, पिझ्झाचीही झाडं लावायची. मग नावं सुरू होतात आणि त्या नावांमागे चित्रं धावतात: आधी गुहेतल्यासारखी, मग इजिप्तची, मग मोझेइक, पुढे व्हॅन गॉगसारखी, आणि त्या सगळ्यांत माणसं आणि रोबो मिळून विहीर खणतायत, पेरतायत. पहिल्या चित्रांना पोरं ‘वारली, वारली’ म्हणाली. नावं वाचायला कोणी थांबत नसतं. त्या दिवशी ती चित्रांसाठी शेवटपर्यंत थांबली.

पुरुषांचं मत मात्र कप्तानाच्या त्या पिझ्झावरच अडकून राहिलं. शाळेच्या ओट्यावर बिड्या पेटल्या आणि चर्चा रंगली. सातशे वर्षं पडीक जमीन. राब भाजायला पालापाचोळा कुठे आहे? बी कुठलं आणणार, एका रोपट्यावर? बांध घातल्याशिवाय पाणी धरणार कसं? भाताच्या आवणीला दिवसभर वाकायला लागतं आणि ह्यांच्यातल्या एकालाही उभं राहता येत नाही. एकाचं म्हणणं, पहिल्याच पावसात परत जहाजात बसतील. दुसऱ्याचं म्हणणं, नाही, उचल घेतली असेल तर नाही जाता येणार. तिसरा म्हणाला की तो लहान रोबो चिखलात चालेल, पट्टे आहेत त्याला, नांगर जोडला तर बैलाचं काम करील. पण उन्हावर चालतो, तर ऐन आवणीत आभाळ भरलं की बसेल. ह्यावर बराच वेळ वाद झाला. मी प्रोजेक्टर आवरून आत ठेवायला गेले, तर फळ्यावर कोणीतरी खडूने पुढच्या शनिवारचा पिक्चर आधीच लिहून ठेवला होता: रजनीकांत.