मीठ न घातलेला भात

कासारवाडीच्या आमच्या अभ्यासवर्गात मी गोव्याचे धर्मन्यायालय शिकवतो. 1560 साली ते बसले आणि मधली 4 वर्षे सोडता 1812 पर्यंत टिकले. त्याच्या 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरात काय काय गुन्हा ठरवले, पाहा : अंगणातली तुळस, लग्नातले विड्याचे पान, बाईची चोळी, पुरुषाचे धोतर, मीठ न घालता शिजवलेला भात! भातातले मीठ तपासणाऱ्यांना जात मात्र खुपली नाही. उलट 1606 च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ठरवले, की पाद्री करायचा तो ब्राह्मणाच्या किंवा तशाच प्रतिष्ठित जातीच्या मुलालाच. कारण? इतर जातींचे ख्रिस्ती त्यांनाच मान देतात म्हणून! हे वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरचा एक कामगार म्हणाला, "सर, एवढा नियम बरा पटला त्यांना आपला."