फटफटी आणि भिशी

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, साठवलेले एक लाख वीस हजार रुपये बँकेत. म्हणाला, "मामू, शंभर-सव्वाशे सीसी पुष्कळ चालवली. आता जरा मोठी गाडी घ्यायचीय. कुठली घेऊ, सांगा की!"

कविता लिहिणाऱ्या माणसाला गाडीचा सल्ला कुणी विचारत नाही. पण पोरानं चुकीच्या माणसाला विचारलं नव्हतं. मोठी गाडी कशी घेऊ नये, हे मला फार चांगलं ठाऊक आहे.

मोठी म्हणजे आपल्याकडे अडीचशे ते चारशे सीसी. बाहेरच्या देशांत तिला कुणी मोठी म्हणणार नाही. पण आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या पगारात ती मोठीच. तिचा इतिहास इंजिनांचा जेवढा आहे, तेवढाच आपल्या खिशाचाही आहे.

१९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीनं मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी केली आणि मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. लष्कराला आणि पोलिसांना दणकट गाडी हवी होती. ती ३४६ सीसीची बुलेट. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालतच राहिली. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. सुरू करायची तर अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलचा खटका दाबायचा, मग किक. चुकलं की तीच किक उलटून पोटरीवर बसायची. आमच्या मिरजेत त्या काळी बुलेट असायची ती फौजदाराकडे, नाहीतर उसाच्या बागायतदाराकडे. गाडीचा आवाज लांबून आला की आम्ही पोरं रस्ता सोडायचो.

दुसरी गाडी म्हैसूरची. १९६० साली तिथे आयडियल जावा ही कंपनी स्थापन झाली आणि चेकोस्लोव्हाकियाची अडीचशे सीसीची जावा इथे बनू लागली. यानेचेक हा तिथला कारखानदार आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. १९७३ पासून तीच गाडी येझदी नावानं विकली जाऊ लागली. दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक इंजिन, आणि किक मारून तीच दांडी खाली वळवली की तिचाच गिअर! कॉलेजच्या पोरांना ही गंमत फार आवडायची. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला.

तिसरी राजदूत ३५०. यामाहाच्या गाडीवर बेतलेली ही जुळ्या सिलिंडरची गाडी १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं आणली. वेग असा की, बघणाऱ्याची टोपी उडावी. पण किंमत जास्त आणि पेट्रोलचा खप त्याहून जास्त. ती फार वर्षं टिकली नाही.

कारण तोवर वारं बदललं होतं. जपानी कंपन्या भागीदारीत आल्या होत्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली. लिटरभर पेट्रोलात ती इतकी पळायची की, मध्यमवर्गाला जणू नवा हिशेब शिकवून गेली. १९९० च्या आखाती संकटात पेट्रोल महागलं तेव्हा तो हिशेब पक्का झाला. मधली गाडी मागे पडली. तिच्यावर प्रेम करणारे उरले, घेणारे कमी झाले.

नेमक्या त्याच काळात, १९९४ साली, मला मोठी गाडी घ्यायची हुक्की आली! मी बी.ए. करून कारकुनाला लागलो होतो. नोकरीचं गाव लांब, जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर. अब्बांचा नियम एकच होता : व्याज घ्यायचं नाही, द्यायचं नाही. त्यामुळे हप्त्यावर नवी गाडी हा विषयच नव्हता. मग मोहल्ल्यातली भिशी लावली. वीस जण, महिना पाचशे. माझी पाळी आली तेव्हा हातात दहा हजार पडले आणि मी एक जुनी मोठी गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती.

पहिली चूक गणिताची. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर. माझी गाडी लिटरला पंचवीस द्यायची, म्हणजे महिना पन्नास लिटर. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची शंभर सीसी पासष्ट द्यायची, त्याचं एकोणीस लिटरमध्ये भागायचं. फरकाच्या पेट्रोलचे पैसे जवळजवळ भिशीच्या हप्त्याएवढे. एक भिशी संपली आणि दुसरी सुरू झाली, पेट्रोल पंपाची. फरक इतकाच की, या भिशीत आपली पाळी कधीच येत नाही.

दुसरी चूक मोठी. आरसी बुकात कर्ज देणाऱ्याच्या बोजाची नोंद होती. विकणारा म्हणाला, "कर्ज फिटलंय, कागद आठवड्यात देतो." मी टाकीचा रंग बघत होतो, कागद बघितला नाही. दोन महिन्यांनी वसुलीची माणसं दारात उभी राहिली. विकणारा गाव सोडून गेलेला. गाडी सोडवायची तर त्याचं उरलेलं कर्ज भरायचं, व्याजासकट. अब्बांनी बाजारात जाऊन शिलाईचं एक मशीन विकलं आणि पैसे माझ्या हातात दिले. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जन्मभर स्वतःसाठी व्याज दिलं नाही. आज दुसऱ्याचं दिलं." त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे मी गाडी नऊ वर्षं चालवली, पण तिच्यावर मोकळ्या मनानं कधी बसलो नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मग म्हटलं, "आता तुझा हिशेब मांडू."

आज मधली गाडी परत आली आहे. २००९ च्या सुमारास बुलेटच्या घराण्याला नवं इंजिन आणि नवं रूप मिळालं. २०१८ मध्ये जावा नव्या मालकांकडून पुन्हा आली. २०२२ मध्ये ३४९ सीसीची हंटर दीड लाखाच्या आसपास निघाली. २०२३ मध्ये ट्रायम्फची चारशेची गाडी आपल्या पुण्याजवळ, चाकणला बनू लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशेपर्यंतच्या गाडीवर जीएसटी अठरा टक्के, त्यावर चाळीस टक्के. त्यामुळे साडेतीनशेची रेघ आता खिशातूनही जाते.

पण शोरूमची किंमत ही खरी किंमत नव्हे. तिच्यात नोंदणी, रोड टॅक्स, आणि २०१८ पासून नव्या दुचाकीला सक्तीचा झालेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळवायचा. चांगलं हेल्मेट वेगळं. मग महिन्याचं रनिंग आणि ॲव्हरेज मांडायचं. मग गाडीवर बसून बघायचं, दोन्ही पाय टेकतात का. हंटरचं वजन १८० किलोच्या आसपास, क्लासिकचं १९५. बंद पडलेली गाडी चढावर ढकलता आली पाहिजे. जुनी घ्यायची तर २०१९ नंतरची बघ; त्या वर्षीच्या एप्रिलपासून सव्वाशेवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. आणि सर्वांत आधी आरसी. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. हे हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

पोरानं तीन आठवडे घेतले. परवा चार वर्षांची जुनी साडेतीनशे घेऊन दारात आला. किल्ली माझ्यापुढे धरली. "मामू, एक चक्कर मारा."

मी म्हटलं, "आधी कागद."

तो हसला. त्यानं खिशातून आरसी काढून माझ्या हातात ठेवली. बोजाचा रकाना कोरा होता. मी तो दोनदा वाचला आणि मग किल्ली घेतली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)