गणिताचा शोधनिबंध : मांडणीपासून स्वीकृतीपर्यंत

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यामधील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. पान शिसाने आखून घ्यावे, ओळींमधील अंतर सारखे राखावे, भोवती जागा सोडावी म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, शोधूनही चूक सापडू नये, अशा अगदी व्यवहारी सूचना त्यात आढळतात. हातावेगळा झालेला मजकूर अनोळखी वाचकाकडे जाणार आणि तेथे लेखक खुलासा करावयास हजर नसणार, ही जाणीव या सूचनांमागे आहे. गणिताचा शोधनिबंध संशोधन नियतकालिकाकडे पाठविणाऱ्यानेही हीच जाणीव ठेवावयाची असते.

ही वाट केवळ मोठ्या संस्थांतील प्राध्यापकांसाठी खुली आहे असे नाही. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म १९४६ मध्ये गवसला. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्यावरील टिपण छापून आले आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदराने त्यांचे नाव जगभर पोहोचविले. कापरेकरांनी स्वखर्चाने अनेक पुस्तिकाही छापल्या; परंतु अशा पुस्तिका ग्रंथालयांत आणि सूचींत सहजी सापडत नाहीत. नियतकालिकातील नोंद मात्र वर्ष, खंड व पृष्ठासह कायम राहते. शोध कोणाचा, हा प्रश्न पुढे उद्भवल्यास हीच नोंद कामी येते.

विधान नेमके हवे

कापरेकरांचा शोध सांगावयास सोपा आहे. चार अंकी संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७, त्यावरून ८३५२ आणि मग ६१७४ येते; पुढे संख्या बदलत नाही. मात्र एवढ्या विधानावर परीक्षक समाधानी होणार नाही. ११११ घेतल्यास उत्तर शून्य येते, म्हणून चारही अंक सारखे नसावेत ही अट हवी. २१११ घेतल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते. ती तीन अंकी मानली तर पुढे शून्यच उरते. ०९९९ अशी चार अंकी मानली तर ८९९१, ८०८२, ८५३२ या पायऱ्यांनी ६१७४ मिळते. म्हणजे आरंभीचे शून्य राखावयाचे, हेही लिहिले पाहिजे. या दोन अटी आल्या, की ‘जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते’ हे तपासता येण्याजोगे प्रमेय होते.

निबंधाची रचना

शीर्षक विषय सांगणारे असावे. सारांश थोडक्या वाक्यांत असावा; त्यात सूत्रे कमी व संदर्भांचे क्रमांक शक्यतो नसावेत. प्रस्तावनेत मुख्य प्रमेय, त्यापूर्वी इतरांनी केलेले काम आणि आपल्या कामातील नवे काय, हे पहिल्या एक-दोन पानांतच स्पष्ट व्हावे. संपादक बहुधा येथवर वाचूनच निबंध परीक्षकाकडे पाठवावयाचा की नाही हे ठरवितो. त्यानंतर व्याख्या, साहाय्यक प्रमेये व सिद्धता क्रमाने याव्यात. ‘हे उघड आहे’ असे लिहिताना ते खरोखर उघड आहे काय, हे स्वतःस विचारावे. चुका बहुधा तेथेच दडलेल्या असतात. संगणकाने आकडेमोड केली असल्यास तिची पद्धत द्यावी, जेणेकरून दुसऱ्यासही ती करून पाहता येईल.

टंकलेखनासाठी ‘लाटेक’ ही प्रणाली गणितात सर्वमान्य असून ती विनामूल्य मिळते. अनेक नियतकालिके आपला ठरावीक साचाही देतात. निबंधावर विषयवर्गीकरणाचा संकेतांक घालावा लागतो. ‘मॅथेमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशन’च्या २०२० च्या आवृत्तीत संख्या सिद्धांताचा वर्ग ११ असून संख्येतील अंकांसंबंधीच्या प्रश्नांना ११ए६३ हा संकेतांक आहे. योग्य परीक्षक शोधण्यास संपादकाला त्याची मदत होते. एकाहून अधिक लेखक असल्यास गणितात नावे सहसा वर्णानुक्रमे दिली जातात.

नियतकालिकाची निवड

आपल्या संदर्भसूचीतील निबंध कोठे प्रसिद्ध झाले आहेत, हे पाहणे हा निवडीचा उत्तम आरंभ होय. भारतात इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे जर्नल व ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’, तसेच बंगळुरूच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे ‘प्रोसीडिंग्ज’ ही जुनी नावे आहेत. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीचे ग्रंथालय आरंभीच्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते.

पदवी किंवा बढतीसाठी प्रकाशनाची घाई असलेल्या संशोधकाला येथेच फसवणुकीचा धोका असतो. काही दिवसांत स्वीकृतीची हमी आणि त्यापाठोपाठ शुल्काची मागणी आल्यास सावध व्हावे. गणितातील बहुतेक परंपरागत नियतकालिके लेखकाकडून छपाईचे शुल्क घेत नाहीत. मुक्त प्रवेशाची काही प्रतिष्ठित नियतकालिके ते घेतात, म्हणून केवळ शुल्कावरून निष्कर्ष काढू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता संशोधक व संस्था यांच्यावरच अधिक आहे. संपादक मंडळातील गणितज्ञ त्या विषयात काम करतात काय, आणि नियतकालिकाची नोंद ‘मॅथसायनेट’ किंवा ‘झेडबीमॅथ’मध्ये होते काय, एवढे पाहिले तरी बरेच काही कळते. ‘झेडबीमॅथ’ २०२१ पासून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे.

पाठविल्यानंतर

निबंधाची पीडीएफ प्रत नियतकालिकाच्या संकेतस्थळावरून, संपादकास उद्देशून लिहिलेल्या छोट्या पत्रासह पाठविली जाते. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठविणे गैर मानले जाते. ‘अर्काइव्ह’ या १९९१ पासूनच्या मुक्त संग्रहात मात्र पूर्वप्रत ठेवण्यास बहुतेक गणिती नियतकालिकांची हरकत नसते आणि त्यामुळे शोधाची तारीखही नोंदली जाते. प्रथमच लेख ठेवणाऱ्यास तेथे एखाद्या जाणकाराचे अनुमोदन लागू शकते.

गणितात परीक्षकाला सिद्धता ओळीने तपासावी लागते. म्हणून उत्तरास काही महिने लागणे नित्याचे असून वर्षही उलटू शकते. मोठा काळ गेल्यास संपादकाकडे सौम्य शब्दांत चौकशी करण्यास हरकत नाही. अभिप्राय आल्यावर प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्यावे; न पटलेल्या मुद्द्याचे कारणही द्यावे. परीक्षकाला एखादी पायरी समजली नसेल तर पुढील वाचकालाही ती अडणार, असे धरून चालणे हिताचे असते.

सुधारणेसाठी निबंध परत आला म्हणून खचण्याचे कारण नाही. श्रीनिवास रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरील निबंध १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलात प्रसिद्ध झाला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक होती, की संपादक एम. टी. नारायणय्यंगार यांना तो दुरुस्तीसाठी लेखकाकडे परत पाठवावा लागला होता. निबंध नाकारला गेला तरी परीक्षकाच्या सूचना हाती राहतात. त्यांचा उपयोग करून तो दुसरीकडे रीतसर पाठविता येतो.