काणी, तांबेरा आणि ट्रायकोडर्मा : पिकांवरील बुरशीच्या नावांचा इतिहास

कोल्हापुरातील शिवाजी पेठेतून रंकाळ्याच्या काठाने पश्चिमेस निघाले, म्हणजे फुलेवाडीपलीकडे उसाचे मळे लागतात. या मळ्यांच्या बोलीत बुरशीचा इतिहास नावांच्या रूपाने साठलेला आहे. तांबेरा हे नाव तांबड्या रंगावरून, भुरी हे भुऱ्या रंगावरून, करपा हे पान करपण्यावरून पडले. केवडा हे नाव पानाच्या फिकट पिवळेपणावरून आले असावे. (भुरी व केवडा यांत शेतकऱ्याने भेद केला, आधुनिक शास्त्रानेही केवड्याच्या कारक जीवास खऱ्या बुरशीच्या वर्गातून वगळले, हा योगायोग मौजेचा खरा.)

उसावरील काणीची पहिली नोंद १८७७ साली आफ्रिकेतील नाताळ येथे झाली. रोगट उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो. त्यावरील बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि बेण्यातून व खोडव्यातून रोग पुढील हंगामात उतरतो. ज्वारीच्या कणसातील काणी निराळ्या बुरशीमुळे होते; परंतु काळी भुकटी दोहोंकडे दिसते, म्हणून नाव एकच राहिले. याउलट 'तांबडी कूज' या नावावर भाषांतराची छाया स्पष्ट आहे. वेंट यांनी १८९३ साली जावात आणि बटलर यांनी १९०६ साली भारतात वर्णिलेल्या या रोगाची खूण कांडे उभे चिरल्यावाचून नीट दिसत नाही.

उपकारक बुरशीस असे देशी नाव लाभले नाही. मुळांत राहणारी बुरशी मातीतील स्फुरद पिकास पुरविते व मोबदल्यात साखर घेते. हा व्यवहार सुरळीत चालू असता पाहणाऱ्यास काहीच वेगळे दिसत नाही. फ्रँक यांनी १८८५ साली ग्रीक धातूंवरून घडविलेला 'मायकोरायझा' हा शब्द मराठीत जसाच्या तसा आला. ट्रायकोडर्मा ही बुरशी अन्य बुरशींवर जगते, हे वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखविले. तिचेही नाव परकेच राहिले. क्रियापदेही पाहण्याजोगी आहेत : काणी 'लागते', तांबेरा 'पडतो', ट्रायकोडर्मा मात्र 'सोडतात'.

या नामव्यवस्थेचा परिणाम शब्दकोशापुरता राहत नाही. 'बुरशी' हा शब्द बोलीत नासाडीशी जोडलेला असल्यामुळे 'बुरशीनाशक' या शब्दात मित्र व शत्रू हा भेद उरत नाही. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मासही मारक ठरते. त्या द्रावणात बुडविलेल्या बेण्यापाशी लगेच ट्रायकोडर्मा सोडल्यास तो खर्च बहुधा मातीतच जिरतो.