पगार झाला का रे? : आल्बनी एम्पायरचा 2023 चा हंगाम

आजचा एपिसोड खेळाचा आहे, पण मी स्कोअर फारसे सांगणार नाहीये. गोष्ट आहे आल्बनी एम्पायर या संघाची. लागोपाठ दोन वर्षं विजेता ठरलेल्या या संघाला तिसऱ्या वर्षी हंगाम अर्ध्यात असतानाच लीगने हाकलून दिलं.

आधी खेळ सांगतो. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा. 1981 साली जिम फॉस्टर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघत बसला होता. बघता बघता त्याला वाटलं, हे आपल्या फुटबॉलचंही करता येईल की! हाताशी एक लिफाफा होता, त्यावरच त्याने मैदान आखलं. लांबी 50 यार्ड, म्हणजे मोठ्या मैदानाच्या निम्मी. एका बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू. कडेला गाद्या लावलेल्या भिंती. आइस हॉकीच्या रिंकमध्ये बसेल एवढा सगळा पसारा. 1987 मध्ये चार संघांची लीग सुरू झाली. प्रेक्षक इतके जवळ बसतात की खेळाडू कधी कधी थेट त्यांच्या पुढ्यात येऊन आदळतो.

आल्बनी ही न्यूयॉर्क राज्याची राजधानी. वस्ती लाखभर, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं मोठं गाव. 1990 मध्ये तिथे बंदिस्त स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी फायरबर्ड्स हा संघ आला. स्टेडियमचं नाव पुढे प्रायोजकांप्रमाणे बदलत गेलं: निकरबॉकर, पेप्सी, टाइम्स युनियन, एमव्हीपी. इमारत तीच. फायरबर्ड्सचा हिरो होता एडी ब्राऊन. 2006 साली लीगने आपल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी काढली, तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. 1999 मध्ये आल्बनीने विजेतेपद जिंकलं, आणि 2001 च्या हंगामाआधी मालकांनी संघ इंडियानापोलिसला हलवला! लोक बसले रिकामं स्टेडियम बघत.

2018 मध्ये एम्पायर आला. 2019 ची फायनल त्यांनी घरच्या मैदानावर जिंकली, फिलाडेल्फियाला 45-27 ने हरवून. काही महिन्यांतच अख्ख्या लीगने दिवाळखोरी जाहीर केली. मग 2021 मध्ये त्याच नावाचा संघ नॅशनल अरीना लीग या छोट्या लीगमध्ये उतरला. 2021 ला विजेता, 2022 लाही विजेता.

आता 2023. वर्षाच्या सुरुवातीला अँटोनियो ब्राऊन मालकीत शिरला आणि पुढे बहुतांश हिस्सा त्याच्याकडे गेला. हा एडी ब्राऊनचा मुलगा. एनएफएलचा मोठा स्टार, सुपर बोल जिंकलेला. जानेवारी 2022 मध्ये चालू सामन्यात जर्सी काढून मैदानातून निघून गेला होता, तोच हा. बापाने गाजवलेल्या गावात मुलगा मालक होऊन येतो, असली पटकथा कुणी लिहून दिली असती तर मी फिल्मी म्हणून हसलो असतो. पण मधला भाग फिल्मी नव्हता. एकाच हंगामात एकाहून जास्त प्रशिक्षक झाले. खेळाडूंचे पगार रखडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जूनच्या मध्यात, लीगला द्यायची रक्कम थकवल्याबद्दल बाकीच्या मालकांनी संघाचं सदस्यत्व रद्द केलं. विषय संपला.

इथे थोडं माझं सांगतो. बीटेक झाल्यावर माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. तिसऱ्या महिन्यापासून पगार पुढे ढकलायला लागले. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ‘फंडिंग येतंय’ ऐकायचं आणि रात्री फोनवर आई विचारायची, “पगार झाला का रे?” मी म्हणायचो, “होईल गं.” सहा आठवडे मी बग सोडवत राहिलो, कारण काम आवडत होतं आणि शेजारी बसणारी पोरं चांगली होती. मूर्खपणा होता का? असेलही. पण म्हणूनच मला त्या मालकापेक्षा त्याचे खेळाडू जास्त दिसतात. या पातळीवरचे बरेच जण दुसरी नोकरी सांभाळून खेळतात. गादीच्या भिंतीवर आदळून खांदा दुखावून घ्यायचा आणि मग फोनवर बँकेचा मेसेज आला का बघायचं. माझा निदान खांदा तरी शाबूत होता.

बरं, आल्बनीकरांनी नाद सोडला का? छे! 2024 मध्ये अरीना फुटबॉल लीग नव्याने सुरू झाली, 16 संघांची, आणि त्यात आल्बनीचा संघ जुनं नाव घेऊन उतरला: फायरबर्ड्स. या लीगचेही पैशांचे वांधे झाले आणि काही आठवड्यांत बरेच संघ गळाले. आल्बनी टिकली, फायनलला पोचली. ती फायनल न्यू जर्सीतल्या एका मॉलमध्ये झाली. हो, मॉलमध्ये! बिलिंग्ज आउटलॉज 46, आल्बनी 41.

हा एवढाच स्कोअर सांगायचा राहिला होता. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.